सगळ्या चित्रांत गुरुजी

माझी धाकटी लेक मोबाइलवर टिचक्या मारून चित्रकथा तयार करते. माणूस निवडायचा, त्याला कपडे घालायचे, डोक्यावर फुगा काढून त्यात बोलणं लिहायचं, झालं. परवा ती मला ते शिकवायला बसली तेव्हा मी म्हटलं, असलं यंत्र आम्ही चंद्रपुरात केव्हाच बनवलं होतं. तिनं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी पेपरात तोंड घातलं. या घरात माझ्या बोलण्याला तेवढीच किंमत आहे, कारण मला टीव्हीचा रिमोटसुद्धा धड चालवता येत नाही. पण यंत्र आम्ही बनवलं होतं हे खरं आहे. आणि त्या यंत्रापायी मी जन्मात कधी भ्याले नाही एवढी भ्याले होते, हेही खरं आहे. तोंडी सांगायला लागले तर मध्येच दूध उतू जाईल किंवा कुणीतरी हसेल, म्हणून लिहून काढते.

नवं शतक लागून दोनचार वर्षं झाली होती. आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रोजेक्ट करणं भाग होतं. बाकीचे गट ग्रंथालयाचं नाहीतर पगाराचं सॉफ्टवेअर करायचे. दर वर्षी तेच, फक्त पहिल्या पानावरची नावं बदलायची. आमच्या गटात तिघं होतो. पहिली माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. तिचे वडील आलापल्लीच्या पुढं, जंगलातल्या एका गावात शाळेवर गुरुजी होते. गटाचं डोकं म्हणजे तीच. दुसरा चंद्रपूरचाच मुलगा, त्याचे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तो गटाचा हात. तिसरी मी, ब्रह्मपुरीकडची, धानाच्या घरातली. माझ्याकडं 'सेव्ह' करायच्या बटणाचं काम होतं, आणि ते दाबलं की कॉम्प्युटर बंद पडायचा.

चित्रकथेची कल्पना मैत्रिणीची. तिच्या वडिलांच्या शाळेत सगळी माडिया आदिवासींची पोरं. पुस्तकातलं मराठी त्यांच्या घरी कुणी बोलत नव्हतं. गुरुजी फळ्यावर चित्र काढून शिकवायचे, पण त्यांचा बैल आणि त्यांचा वाघ यांत फरक कळत नसे. तेव्हा चित्र काढता न येणाऱ्या माणसालाही चित्रांची गोष्ट करता यावी, असं काहीतरी बनवू, असं ती म्हणाली. मार्गदर्शक सरांनी दोनदा विचारलं, यात डेटाबेस कुठं आहे? तिसऱ्यांदा त्यांनी विचारायचं सोडून दिलं.

झाडं, झोपड्या, बैलगाड्या पेंटरच्या पोरानं माउसनं झटपट काढल्या. अडलं ते चेहऱ्यांपाशी. त्याच्या घरी पाट्या रंगवायचे, आणि पाटीवर चेहरा क्वचित येतो. माउसनं काढलेला प्रत्येक माणूस गलगंड झाल्यासारखा दिसायचा. मग असं ठरलं की खऱ्या माणसाचे फोटो काढायचे आणि त्यावरून रेषा ओढायच्या. असा माणूस कोण? तर गुरुजी.

गुरुजी मूळचे आमच्याच झाडीपट्टीतले. आमच्याकडं धान घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकं उभी राहतात. गुरुजींना नाटकाचं वेड होतं आणि बदली झाली तेव्हा ते वेड त्यांच्यासोबत जंगलात गेलं. तिथं दर हिवाळ्यात शाळेच्या मैदानात ते नाटक करायचे, अर्धं मराठीत, अर्धं गोंडीत. नट मिळत नसत, म्हणून राजा तेच, चोर तेच, चोराला पकडणारा हवालदारही तेच. टोपी बदलली की माणूस बदलला. मी ते नाटक पाहिलं नव्हतं, पण मैत्रीण सांगायची की एकदा राजानं चोराला पकडायला हवालदाराला हाक मारली आणि मग तिघांनाही पडद्यामागं पळावं लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत गुरुजी पिशवीभर टोप्या घेऊन चंद्रपूरला आले. फोटो स्टुडिओत निळ्या कापडापुढं बसून त्यांनी राग केला, हसले, भ्याले, लाजले, दारू प्यायल्यासारखे झुलले, मुलगी सासरी जाताना बाप रडतो तसे रडले. स्टुडिओवाल्याचे डोळे भरून आले, तरी त्यानं पैसे पूर्ण घेतले. बायकांसाठी कुणी तयार होईना, तेव्हा मला बसवलं. माझ्या चेहऱ्यावर एकच भाव उमटला. तो कोणता, यावर आमचं एकमत झालं नाही. तेव्हा तोच आई, सासू, शेजारीण सगळ्यांना लावून टाकला.

तर असं आमचं सॉफ्टवेअर. त्यात कितीही माणसं घ्या, फेटा घाला, दाढी लावा, खाली गुरुजी. कितीही बायका घ्या, पदराआड मी.

कॉलेजात स्कॅनर नव्हता. बसस्थानकाजवळच्या एका छपाईच्या दुकानात होता. दुकानदार चांगला माणूस. त्यानं स्कॅनर फुकट वापरू दिला, आणि प्रिंट कशी येते ते पाहता यावं म्हणून आम्ही आमचं सॉफ्टवेअर त्याच्या कॉम्प्युटरवर टाकलं. तसं ते तिथंच राहिलं.

उन्हाळा लागायच्या बेतात आम्ही रिपोर्ट छापायला त्या दुकानात गेलो. दुकानदारानं आम्हाला पाहून हातातलं काम टाकलं.

"तुमचं ते सॉफ्टवेअर लई कामाचं निघालं पोरहो," तो म्हणाला. "मोठी ऑर्डर मारली मी त्याच्यावर."

त्यानं एक पत्रक पुढं केलं. जनजागृतीचं. कुठल्याशा कार्यालयानं त्याला मजकूर दिला होता, चित्रं त्यानं आमच्या यंत्रातून स्वतः केली होती. चार चौकटी. पहिलीत एक गावकरी झाडाआडून अनोळखी माणसांकडं बघतोय. दुसरीत तो चौकीत जाऊन सांगतोय. तिसरीत टोपीवाला साहेब त्याचा हात हातात घेतोय. चौथीत गावकरी बक्षीस घेऊन घरी आलाय आणि दारात त्याची बायको उभी आहे. गावकरी म्हणजे गुरुजी. साहेब म्हणजे गुरुजी. झाडापलीकडचे अनोळखी लोकसुद्धा, दाढी लावलेले का होईना, गुरुजीच. आणि दारातली बायको मी. माझं लग्न माझ्या मैत्रिणीच्या बापाशी लागलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

मला आधी हसूच आलं. पेंटरचा पोरगाही हसला. मग मी मैत्रिणीकडं पाहिलं आणि हसणं थांबवलं.

इथं वाचणाऱ्याला थोडं सांगायला हवं. त्या काळात आलापल्लीच्या पुढं 'खबऱ्या' हा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नसे. जंगलात बंदुका घेऊन फिरणाऱ्यांना लोक दादालोक म्हणायचे. त्यांना ज्याच्याबद्दल वाटलं की हा पोलिसांना सांगतो, तो माणूस एखाद्या सकाळी रस्त्याच्या कडेला पडलेला मिळायचा. त्यानं खरंच सांगितलं होतं की नाही, हे नंतर कुणी विचारत नसे. विचारायला जाणार कोण? आणि इथं आम्ही त्या रानातल्या एका माणसाचा हुबेहूब चेहरा घेऊन खाली लिहिलं होतं की हा सांगतो. आम्ही म्हणजे दुकानदारानं. पण चेहरा आमच्या यंत्रातला.

मैत्रिणीनं विचारलं, हे कागद वाटले का?

"परवाच गठ्ठे गेले न. आष्टी, आलापल्ली, पार सिरोंच्यापर्यंत. शाळाशाळाईत वाटाचे हायेत," दुकानदार म्हणाला. मग आमची तोंडं पाहून त्यानं विचारलं, "काऊन? शुद्धलेखन चुकलं काय?"

तिच्या वडिलांच्या गावात फोन नव्हता. चिठ्ठी पोचायला आठवडा लागायचा. ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "मले जा लागते. बाबाले घेऊन येतो."

पेंटरचा पोरगा लगेच म्हणाला, मी येतो. खरं तर माझ्या मनात होतं की दोघं जातायत, पुरे आहेत. पण मग हॉस्टेलच्या खोलीत एकटीनं बसून, दारातल्या त्या बायकोसारखी, वाट बघायची हे डोळ्यापुढं आलं. त्यापेक्षा बस बरी. मी शूर म्हणून गेले नाही, एकटी राहायला भ्याले म्हणून गेले.

सकाळच्या बसनं निघालो. आष्टीला नदीचा पूल ओलांडला आणि बस चहाला थांबली. टपरीच्या लाकडी खांबावर पत्रक चिकटवलेलं होतं. माझ्याच चेहऱ्याकडं बघत एक माणूस बशीतला चहा फुंकत होता. मी पदर नसताना पदर ओढायला हात वर नेला. पंजाबी ड्रेसची ओढणी होती, ती नाकापर्यंत घेतली. तो म्हणाला, ताई, धूळ लई हाय न.

फाडावं तर लोक बघतील. तेव्हा पेंटरच्या पोरानं खिशातलं स्केचपेन काढलं, खांबाला टेकून उभा राहिला आणि बोलता बोलता गुरुजींना चष्मा काढला, गालावर चामखीळ काढली, मिशी कानापर्यंत नेली. बस सुटेपर्यंत चारही चौकटी झाल्या. पुढं जिथं जिथं बस थांबली आणि पत्रक दिसलं, तिथं तो उतरला. आलापल्लीच्या स्टँडवर तर एकाच भिंतीवर ओळीनं चिकटवलेली होती. तिथं त्याचं पेन संपलं. तो परत आला, स्टँडच्या बाकावर बसला आणि हातांकडं बघत म्हणाला,

"यार, मिशी लावून काही फायदा नाही. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मी हेच तर केलं होतं. तरी गुरुजी ओळखू येतात."

आलापल्लीच्या पुढं जीप. पंधरा माणसं, दोन कोंबड्या आणि आम्ही. सागाचं जंगल पानझडीनं उघडं पडलेलं होतं, तरी मला प्रत्येक खोडाआड कुणीतरी दिसत होतं, दाढी लावलेले गुरुजी. माझ्या समोर एक आजी बसली होती, कागदाच्या पुडीतले मुरमुरे खात. पुडी पत्रकाची. मुरमुरे संपत आले तसा माझा चेहरा उलगडत गेला. आजीनं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि उरलेले मुरमुरे माझ्यापुढं केले. मी खाल्ले. नाही म्हणायला तोंड उघडलं नसतं.

गाव आलं. जीप आम्हाला उतरवून पुढं गेली. शाळा म्हणजे कौलारू एक खोली आणि व्हरांडा. गुरुजी फळ्याशी उभे राहून बे चा पाढा म्हणवून घेत होते. आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्यांचा हात थांबला, पण पाढा थांबला नाही. पोरं एकटीच पुढं म्हणत राहिली.

बाहेर येऊन ते पहिलं वाक्य काय बोलले, तर जेवले का? मग म्हणाले, गठ्ठा आपल्याकडंही आला, कपाटात ठेवलाय, चिकटवला नाही. पण आजूबाजूच्या गावांत लागलाय. बाजारात लोक म्हणाले, गुरुजी, औंदाच्या नाटकाची जाहिरात लवकर काढली. लोकांना ते नाटकच वाटलं होतं. एका चौकटीत हवालदार, एका चौकटीत चोर, दोन्ही गुरुजी, तर दुसरं काय असणार?

"बाबा, लोकाईचं सोडा," मैत्रीण म्हणाली. "त्यायचं काय?"

गुरुजींनी शाळेत डोकावून पोरांना पुढचा पाढा सांगितला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्यायचा निरोप आला काल. आज शाळेच्या टायमात येऊन राह्यले."

ती रडली नाही. तिनं त्यांचा हात धरला आणि ओढायलाच लागली. परतीची जीप कुठं मिळते, पायी किती जावं लागतं, सगळं तिनं ठरवून आणलं होतं. चंद्रपूरला चला, मग सुट्टीचा अर्ज टाका, मग बदली. गुरुजींनी हात सोडवून घेतला नाही. नुसते उभे राहिले.

"आज मी गेलो तं कागद खरा होते, बाई," ते म्हणाले. "आन् मंग माह्या मागं ह्या गावाले जबाब द्या लागते."

ते आम्हालाच जायला सांगू लागले, पण जायला गाडी नव्हती आणि रस्ता एकच होता, ज्यावरून दादालोक येणार होते. तेव्हा गुरुजींनी आम्हाला वर्गात मागं, पोरांच्या रांगेत बसवलं. कुणी विचारलं तर डीएडच्या मुली आणि मुलगा, पाठ बघायला आलेत. मी चटईवर मांडी घालून बसले. शेजारच्या पोरीनं मला आपली पाटी दिली, कारण माझ्याकडं पाटी नव्हती आणि हे तिला बरं दिसलं नाही. मी पाटीवर बे चा पाढा लिहायला घेतला. बे चोक आठच्या पुढं मला काही आठवेना.

ते दोघं आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. एक चाळिशीचा, लुंगी-सदऱ्यातला, पायात रबरी चपला. दुसरा माझ्याच वयाचा, खांद्यावर कापडात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. त्यानं ते व्हरांड्यात भिंतीला टेकवलं, शेतावरून आलेला माणूस कुऱ्हाड टेकवतो तसं. पोरं उभी राहिली आणि एका सुरात नमस्ते म्हणाली. मीही उभी राहिले आणि म्हणाले.

दोघांतल्या थोरल्यानं पोरांना बसायला सांगितलं. त्याचं मराठी सिरोंच्याकडचं, तेलुगूच्या चालीवर जाणारं. आवाज अगदी मऊ होता. त्यानं खिशातून चारपदरी घडी केलेलं पत्रक काढलं, टेबलावर सरळ केलं आणि विचारलं,

"गुरुजी, हे तुम्हीच का?"

गुरुजी मुलांचे डोळे तपासायला वाकतात तसे कागदावर वाकले. मला वाटलं, नाही म्हणतील. म्हणावं, असंच वाटत होतं.

"होय," ते म्हणाले. "हा मी. हा साहेब बी मीच. हे झाडामागचे पाहा, दाढी लावली हाय, थे बी मीच." मग त्यांनी मान वर केली. "सांगणारा मी, आयकणारा मी, आन् ज्याची खबर देल्ली थो बी मी. मंग कोणं कोणाची खबर कोणाले देल्ली?"

तरुण पुढं झाला. थोरल्यानं हात करून त्याला थांबवलं. त्यानं कागद उचलला आणि पहिल्या रांगेतल्या एका पोराजवळ उकिडवा बसला. साहेबाच्या टोपीवर बोट ठेवून त्यानं गोंडीत काहीतरी विचारलं. पोरगा म्हणाला, गुरुजी. गावकऱ्यावर बोट ठेवलं. गुरुजी. दाढीवाल्यांवर ठेवलं. पोरानं हसून गुरुजी म्हटलं आणि आणखी काही सांगितलं, त्यावर सगळा वर्ग हसला. नंतर कळलं, तो म्हणाला होता की ही दाढी गेल्या वर्षीच्या नाटकात सुटून पडली होती.

मग त्या माणसानं चौथ्या चौकटीतल्या बाईवर बोट ठेवलं.

पोरगा विचारात पडला. त्यानं मान तिरकी करून चित्र पाहिलं. मग तो वळला, वर्गाच्या शेवटच्या रांगेपर्यंत नजर नेली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. खरं सांगणारं पोर होतं ते. इतकं नीट शिकवू नये पोरांना.

तो माणूस उठून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्यानं कागद माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं मला माहीत नाही. पण स्टुडिओत एकच भाव जमला म्हणून सगळे मला हसले होते आणि तो कोणता हे कुणाला ओळखता आलं नव्हतं. त्या माणसाला ओळखता आला.

"भिऊ नका," तो म्हणाला.

मी मान हलवली. भीती गेली नाही, पण सांगितलं तसं करावं असं वाटलं.

डीएडची गोष्ट आता टिकण्यासारखी नव्हती. गुरुजींनी मग खरं तेच सांगितलं. पोरं कॉम्प्युटरवर चित्रांचं यंत्र बनवून राह्यली, त्यात माणसाचे चेहरे पाहिजे होते, घरचा माणूस फुकटात भेटला. यंत्र एका दुकानदारानं वापरलं, त्याला काय ठाऊक कुणाचा चेहरा आहे. हे सांगताना ते थांबले, कारण दोघांच्या चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता. तेव्हा गुरुजींनी फळ्याकडं पाठ केली, क्षणभर डोळे मिटले आणि राग केला. स्टुडिओतलाच. तोच कागदावरचा साहेब. मग पडलेल्या खांद्यांचा गावकरी. मग झाडामागून बघणारा. प्रत्येक वेळी पोरं ओरडून नाव सांगायची, राजा, चोर, हवालदार, त्यांना ते पाठ होतं. सोंग बदलताना गुरुजी फळ्याला टेकायचे, तिथं घामानं भिजलेल्या सदऱ्याचा ठसा खडूच्या अक्षरांत उमटलेला आम्हाला दिसत होता. दारुड्यावर पोरं खदखदून हसली. व्हरांड्याशी उभा असलेला तरुणही हसला, आणि लगेच हसू आवरून बाहेर बघायला लागला.

मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. तिनं अख्ख्या वेळात वर पाहिलं नाही. आपला बाप जीव वाचवण्यासाठी नाटक करतोय हे तिला बघायचं नव्हतं.

मग थोरल्यानं कागदाची परत चारपदरी घडी केली.

"आम्ही ऐकलं," तो म्हणाला. "पण बाकीच्यांना मी कुठं कुठं सांगू? हा चेहरा आता लोकांना माहीत झाला. गुरुजी, शाळा चालू द्या. नाटक बंद करा."

गुरुजी म्हणाले, बरं.

"कायमचं."

गुरुजी पुन्हा बरं म्हणाले. दोघांनी माठातलं पाणी प्यायलं, गठ्ठा कपाटातून काढून चुलीत घालायला सांगितला आणि ते आले त्याच रस्त्यानं गेले. पोरं त्यांच्या पाठीकडं बघत नमस्ते म्हणाली. गुरुजींनी खडू उचलला, पण लिहिता येईना, तेव्हा पोरांना जेवायला सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. गुरुजी आले नाहीत. ऐकलं म्हणजे मानलं असं नाही, आणि एका टोळीनं मानलं म्हणजे दुसरीनं मानलं असंही नाही, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं. मैत्रिणीनं जीपमध्ये बसताना त्यांना एवढंच सांगितलं की दर बाजाराच्या दिवशी आलापल्लीहून फोन करायचा. हॉस्टेलचा फोन खाली वॉर्डनबाईंच्या खोलीत होता. त्या दिवशी तो वाजला की ती जिन्यावरून धावायची, आणि मी वर खोलीतच बसायची. मला खाली जायची हिंमत होत नसे. ती परत आली की तिच्या पावलांवरून मी ओळखायची. एका बाजाराला फोन आलाच नाही. आम्ही तिघंही कॉलेज बुडवून वॉर्डनबाईंच्या दारात बसलो. दुसऱ्या दिवशी कळलं की लाइन पडली होती. वॉर्डनबाई म्हणाल्या, एवढं काय जीव खाता, वडीलच आहेत न, कुठी जातील?

सॉफ्टवेअर आम्ही दुकानाच्या कॉम्प्युटरवरून काढून टाकलं. दुकानदार हळहळला. आमच्या प्रोजेक्टमधून सगळे चेहरेही काढले आणि त्यांच्या जागी नुसते गोल ठेवले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, माणसांना नाकडोळे का नाहीत? मैत्रीण म्हणाली, वेळ पुरला नाही सर. त्यांनी दोन गुण कापले. मला विचारलं, तुम्ही काय केलं? मी सेव्हचं बटण दाबून दाखवलं. त्या दिवशी ते चाललं.

पुढं गुरुजींची बदली झाली, पण लगेच नाही. दोन हिवाळे ते त्याच शाळेत होते. शाळेच्या मैदानात नाटक झालं नाही. नंतर ते आमच्या ब्रह्मपुरीकडं आले. तिथं तसलं जंगल नाही, दादालोक नाहीत, धान निघालं की गावोगावी पडदे लागतात. लोकांनी त्यांना बोलावलं, माझ्या वडिलांनीही बोलावलं. ते गेले, शेवटपर्यंत बसले, पण सतरंजीवर, लोकांत. कुणी आग्रह केला की म्हणायचे, आता पाठांतर राहत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या मुलाच्या मुंजीला गेले होते. गुरुजी आता थकले आहेत, पण चालतात बरे. जेवणं झाली आणि सगळे फोटोसाठी उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, आजोबा, इकडं बघा, जरा हसा. गुरुजी म्हणाले, आलोच हात धुऊन. आम्ही थांबलो. पंगतीच्या मागं नळापाशी ते हात धूत उभे होते, आमच्याकडं पाठ करून. शेवटी त्यांच्याशिवायच फोटो निघाला, लोक पांगले, तेव्हा त्यांनी नळ बंद केला.